मुंबईतले बेघर लोक निवाऱ्यात जायला तयार का नसतात?

प्रश्न – घाटकोपरकर

शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अन्नाच्या अधिकाराच्या याचिकेत बजावले होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. त्या हिशेबाने सव्वाशेच्या घरात निवारे हवेत, आणि प्रत्यक्षातली संख्या त्याच्या आसपासही फिरकत नाही. पण आमच्या सोसायटीत हा विषय निघाला की, ‘आहेत त्या निवाऱ्यांत तरी ही मंडळी कुठे जातात? त्यांना फुटपाथच बरा वाटतो,’ हे वाक्य ठरलेले असते. यात तथ्य आहे का? या क्षेत्रात काम केलेल्यांनी सांगावे.

उत्तर – रात्रपाळी

मी काही काळ एका निवारा केंद्राचे व्यवस्थापन पाहिले आहे. लोक नकार देतात हे खरे. मात्र त्यांचे म्हणणे नीट ऐकून घेतले, तर त्यात हट्ट क्वचितच सापडतो. दादरच्या फुलबाजारात माल उतरवणाऱ्याला भल्या पहाटे तिथे हजर राहावे लागते आणि निवाऱ्याचे दार रात्री एकदा बंद झाले की उजाडल्याशिवाय उघडत नाही. नवरा, बायको आणि वाढत्या वयाचा मुलगा असे कुटुंब आले, तर पुरुषांच्या निवाऱ्यात बाईला जागा नाही आणि बायकांच्या निवाऱ्यात मुलाला नाही. एक आजी दारापर्यंत येऊन परत गेल्या, कारण त्यांचा स्टोव्ह आणि कपड्यांचे बोचके आत घेता येणार नव्हते. शिवाय फुटपाथवरची जागा चार रात्री मोकळी राहिली की तिथे दुसऱ्याची पथारी पडते. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांत माणशी ५० चौरस फूट जागा आणि चोवीस तास खुले दार, असे सगळे लिहिलेले आहे. ते कागदावरून खाली उतरले, तर तुमच्या सोसायटीतल्या वाक्याला फारसा आधार उरणार नाही.

उत्तर – भायखळा पूर्व

वरील अनुभवाशी सहमत आहे, परंतु सगळी चर्चा निवाऱ्याभोवतीच फिरावी हे मला पटत नाही. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथवासीयांना हटवण्याचे आदेश दिले. त्यातून पत्रकार ओल्गा टेलिस यांचा खटला उभा राहिला आणि १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, असे मान्य केले. (तरीही पावसाळ्यानंतर झोपड्या हटवण्याची मुभा त्याच निकालाने दिली, हे सोयीस्करपणे विसरले जाते.) त्याच वर्षी ‘स्पार्क’ संस्थेने भायखळा परिसरातील पदपथवासीयांची गणना केली, आणि त्यानंतर तिथल्या बायकांनी ‘महिला मिलन’ हा गट उभारून रोजच्या कमाईतून बचत सुरू केली. पुढे त्यांतल्या अनेक कुटुंबांना मानखुर्दला पक्की घरे मिळाली, पण त्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले. एकट्या माणसाला निवारा ठीक आहे. संसार थाटलेल्या कुटुंबाला घरच लागते.

उत्तर – परळची चाळ

टाटा रुग्णालयाबाहेर झोपणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक या दोन्हींत बसत नाहीत. त्यांचे गावी घर असते, पण उपचार महिनोन्‌महिने चालतात. त्यांच्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा हा खरा आधार आहे. तशा आणखी धर्मशाळा झाल्या, तर तिथला पदपथ बऱ्याच अंशी मोकळा होईल.

घाटकोपरकर

सर्वांचे आभार. एक उपप्रश्न: पत्ताच नसलेल्यांना मतदार यादीत नाव घालता येते का?

रात्रपाळी

येते. अर्ज क्रमांक ६ भरताना माणूस जिथे झोपतो ते ठिकाण लिहावे. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे येऊन खात्री करून घेतात. निवासाचा कागदोपत्री पुरावा त्यासाठी लागत नाही. अडचण एवढीच, की पडताळणीच्या आधी तिथून उठवले गेले, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.