संविधान कसे घडले, हे नववीच्या वर्गाला कसे शिकवावे?

प्रश्न (शिक्षिका, कोथरूड): मुलांना २६ नोव्हेंबर १९४९ ही तारीख पाठ आहे, पण त्यामागची चर्चा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. सुरुवात कुठून करावी?

पहिले उत्तर: मॅडम, एकच प्रसंग घ्या आणि त्याला दोन तासिका द्या. डिसेंबर १९४६ मध्ये नेहरूंनी संविधान सभेत उद्दिष्टांचा ठराव (संविधानाची मूळ ध्येये सांगणारा) मांडला, तेव्हा मुस्लिम लीगचे सदस्य सभागृहात नव्हते. म्हणून मुकुंदराव जयकरांनी तो लांबणीवर टाकण्याची दुरुस्ती सुचवली आणि डॉ. आंबेडकरांनी तिला पाठिंबा दिला. ठराव मंजूर झाला तो २२ जानेवारी १९४७ रोजी. आपल्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू हेच जयकर, हे पुण्यातल्या मुलांना आवर्जून सांगावे.

दुसरे उत्तर: हा प्रयोग मी केला आहे. अर्धा वर्ग ठरावाच्या बाजूने आणि अर्धा दुरुस्तीच्या बाजूने बसवला, तेव्हा शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारले, ‘सर, न आलेल्यांसाठी थांबायचे तरी किती दिवस?’ उरलेली तासिका त्या एका प्रश्नावरच गेली.

शिक्षिका: मनापासून आभार. सोमवारी हाच प्रसंग घेते. तारखा नंतर फळ्यावर लिहीन.