बिजागरीच्या मागचं वजन

भावा, तू बांधतोयस त्या विमानाच्या एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या बाजूला बिजागरीवर हलणारी, विमान कुशीवर झुकवणारी फळी) मागच्या कडेला जाड प्लाय ठोकून ‘मजबूत’ करायचा बेत तेवढा सोड. बिजागरीच्या मागं वाढलेलं वजनच घात करतं. वेग वाढला की एलेरॉन आपसूक फडफडायला लागतो, आणि ती फडफड काही सेकंदांत पंख मोडू शकते. रंगाचे जादा हातसुद्धा मागंच वजन टाकतात. म्हणून कापड, डोप (कापड ताणून घट्ट करणारा लेप), रंग सगळं झाल्यावर एलेरॉनचा तोल पुन्हा बघ, नुसत्या सांगाड्याचा धरू नकोस.

टायगर मॉथच (एकावर एक पंखांचं ते जुनं विमान) करतोयस म्हणून बरं, एलेरॉन फक्त खालच्या पंखांना. पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमल विमानाला वर-खाली मिळून चार करत बसला असतास.

आणि डोपला आपल्या कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टात हात लावू नकोस. दमट हवेत तो पांढरा पडतो. माझा एक रडर (शेपटीची उभी हलती फळी) असाच गेला, दिवाळीपर्यंत खरवडत बसलो (घरच्यांची बोलणी वेगळीच). पॉलिस्टर कापड इस्त्रीनं आवळतं, पण इस्त्रीचं तापमान मोजूनच. जास्त ओढलं की बारीक रिबा (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या पट्ट्या) वाकतात.

बिजागऱ्या उद्यमनगरात लेथवर झकास निघतील. फक्त पोलाद कुठलं लावतोय ते समोर उभा राहून बघ.