अफूने हृदय सांभाळले जाते का?

प्रश्न : पुण्यात माझ्या शेजारी राहणारा इराणी विद्यार्थी गोरगानचा आहे. त्याचे वडील रोज संध्याकाळी हरभऱ्याएवढी अफू, त्यांच्याकडची ‘तेरयाक’, चहाबरोबर घेतात. तिने साखर आणि चरबी उतरते, हृदय सांभाळले जाते, असा त्यांच्याकडे जुना समज असल्याने डॉक्टरांनी सांगितलेली अँजिओग्राफी ते टाळत आहेत. या समजात काही तथ्य आहे का?

प्रतिसाद १ : तथ्य नाही, आणि पुरावा त्यांच्याच प्रांतातला आहे. गुलिस्तानमध्ये २००४ ते २००८ या काळात चाळिशी ओलांडलेल्या सुमारे ५० हजार लोकांची नोंद करून त्यांचा पाठपुरावा करण्यात आला. त्यांतले सुमारे १७ टक्के अफू घेणारे होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हृदयधमनीविकाराने मृत्यू येण्याचा धोका त्यांच्यात न घेणाऱ्यांच्या सुमारे १.९ पट होता.

प्रतिसाद २ : अफू घेणारे बहुधा विडीकाडीही ओढतात, शिवाय दुखणे सुरू झाल्यावर अफूकडे वळणारेही पुष्कळ असतात. मग दोष अफूचाच कशावरून?

प्रतिसाद १ : शंका रास्त आहे. संशोधकांनी धूम्रपानाचा परिणाम हिशेबात घेतला होता आणि आजारपणानंतर अफू सुरू केलेल्यांना वगळूनही पाहिले, तरी संबंध टिकून राहिला. अफू ओढणाऱ्यांप्रमाणेच ती खाणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले, त्यामुळे सगळा दोष धुरावर ढकलता येत नाही. शिवाय बाजारातल्या अफूत भेसळ असते. २०१६ साली इराणमध्ये शिसे मिसळलेल्या अफूने अनेकांना विषबाधा झाली होती.

प्रतिसाद ३ : मी हृदयरोग विभागात काम करतो. अफूतले मॉर्फिन वेदना दाबते, म्हणून छातीतली कळ बोथट होते आणि रुग्ण उशिरा येतो. झटक्याच्या वेळी आम्हीही कधी मॉर्फिन देतो, पण ते वेदनेसाठी. त्याने तुंबलेली धमनी उघडत नाही, उलट पोटातून घेतलेल्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या रक्तात उतरायला वेळ लागतो. मात्र इतक्या वर्षांची सवय त्यांनी एका दिवसात तोडू नये. अंगदुखी, जुलाब, घाम, वाढलेला रक्तदाब हे सारे आजारी हृदयाला झेपणारे नसते, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. त्यांना दम लागतो का, हे मात्र आजच विचारा.

प्रश्नकर्ता : आत्ताच फोन झाला. दोन महिन्यांपासून घराचा जिना चढताना त्यांना मध्येच बसावे लागते. छातीत मात्र काहीच दुखत नाही, असे ते मोठ्या खुशीत सांगत होते.

प्रतिसाद ३ : मग अँजिओग्राफीची तारीख या आठवड्यातलीच घ्यायला सांगा, आणि अफू किती व केव्हापासून घेतात, हे तिथल्या डॉक्टरांपासून लपवू नका.