धोकटी ते सलून : केशकर्तनाच्या व्यवसायातले तुमचे अनुभव

मंजिरी_सातारा

मागच्या आठवड्यात गावाकडचे घर रंगवायला काढले, तेव्हा माळ्यावरच्या पेटाऱ्यातून आजोबांची धोकटी, म्हणजे हजामतीच्या हत्यारांची पिशवी, हाती आली. आत दोन वस्तरे, नखे काढायची एक नराणी, चेपलेली पितळी वाटी आणि अंगठ्याच्या जागी झिजून पातळ झालेली कात्री होती. आजोबा वर्षभर घरोघरी जाऊन हजामत करत आणि सुगीला खळ्यावरून बलुत्याचे धान्य आणत. वडिलांनी एस.टी. स्टँडजवळ दुकान टाकले, आणि मी आयटीआयचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून पुण्यात हेअरड्रेसर झाले. तिघांच्या हाती कात्रीच आली, पण प्रत्येकाला ती नव्याने शिकावी लागली. ती कशी शिकलात, हे तुम्हा सर्वांकडून ऐकावे म्हणून हा धागा काढते आहे.

माझ्यापासून सुरुवात करते. पुण्यातल्या पहिल्या सलूनमध्ये सात महिने मी फक्त केस धुतले. तेव्हा फार वाईट वाटे, पण खरे शिक्षण तिथेच झाले. बेसिनला मान टेकलेल्या बाईच्या डोक्यावरून बोटे फिरली, की भोवरा एक आहे की दोन, जुन्या रंगाने केस कुठे खरखरीत झाले आहेत, कानामागे ते किती विरळ आहेत, हे डोळ्यांआधी हाताला कळते. पुढे एका कुरळ्या केसांच्या मुलीची बट मी ओल्या केसांत भुवईपर्यंत मापून कापली आणि ती वाळताच अर्ध्या कपाळावर चढली. तिचा साखरपुडा तीन दिवसांवर होता. रात्री वडिलांना फोन केला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘ओला केस लांब दिसतो, बाळ. दोन बोटं राखून काप, वाळल्यावर पुन्हा बघ.’ तेव्हापासून कुरळे केस मी वाळवल्याखेरीज शेवटचे कापत नाही.

बार्शीकर_नाना

मंजिरीताई, धोकटी जपून ठेवा. आमच्या घरची भंगारात गेली, याचे मला आजही दुःख होते.

मी १९९४ साली मुंबईत कारागीर म्हणून आलो. कमाई अर्धी मालकाची, अर्धी माझी, आणि रात्री दुकान बंद झाल्यावर त्याच दोन खुर्च्या सरकवून खाली झोपायचे. मालकाने मला पहिल्यांदा वस्तरा दिला तो फुगा घेऊन. फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि तो न फुटता फेस काढायचा. हात हलका व्हायला मला दीड महिना लागला. आता माझे तीन खुर्च्यांचे दुकान आहे.

२०२० च्या टाळेबंदीत मात्र आमचे कंबरडे मोडले. मार्चमध्ये बंद झालेली दुकाने २८ जूनला उघडली, तीही केस कापण्यासारख्या मोजक्याच कामांसाठी. दाढीला परवानगी नव्हती, आणि माझ्या दुकानाची जवळजवळ निम्मी मिळकत दाढीवर होती. दोन कारागीर गावी गेले ते परतलेच नाहीत. एकाने शेती धरली, याचे मला वाईट वाटत नाही, पण त्याच्यासारखा कानामागची रेषा सरळ आखणारा हात मला पुन्हा मिळाला नाही.

श्रावणी_प

मधेच विचारते, क्षमा असावी. मला या कामात दोनच वर्षे झाली आहेत. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या बेचक्यात बारीक केस रुतून बसतात आणि तिथे सूज येते. हे कोणाला झाले आहे का?

दोन_कात्र्या

श्रावणी, हे आपल्या कामातले जुने दुखणे आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करू नकोस. कापलेला आखूड, टोकदार केस बेचक्याच्या मऊ त्वचेत शिरतो, आत नळीसारखी वाट करतो आणि पू धरतो. माझे असेच वाढत गेले आणि शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली. पंधरा दिवस दुकानात उभी राहू शकले नाही. प्रत्येक गिऱ्हाईक झाल्यावर हात साबणाने धुऊन बेचके कोरडे कर, उजेडात तपास आणि रुतलेला केस त्याच दिवशी चिमट्याने काढ. सूज आधीच आली आहे, तेव्हा या सोमवारी दुकान बंद असेल तेव्हा डॉक्टरांना दाखवून ये. पायांत घट्ट मोजेही घालत जा, दिवसाला दहा तास उभे राहून शिरा फुगतात.

श्रावणी_प

ताई, खूप आभार. सोमवारी नक्की जाते.

केतकी_कोल्हापूर

मी या व्यवसायातल्या घराण्यातली नाही. अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष सोडून मी हे शिकायला निघाले, तेव्हा आजी म्हणाली, ‘आपल्या घरात हे काम?’ मी तिला आमच्याच जिल्ह्यातल्या हासूरसासगिरीच्या शांताबाई यादवांची गोष्ट सांगितली. पतीच्या निधनानंतर मुलींना वाढवण्यासाठी त्यांनी वस्तरा हाती घेतला आणि लोक हसत असतानाही त्या गावोगाव हजामती करत राहिल्या. आजी गप्प झाली. महिन्याभराने तिने स्वतःच माझ्याकडून केस कापून घेतले.

मला सर्वांत जास्त आवडते ते रंगाचे काम, आणि त्याच कामापायी मी पहिली नोकरी सोडली. रंग लावण्याच्या ४८ तास आधी कानामागे थोडा लावून त्वचा तपासायची असते, कारण काळ्या रंगातल्या रसायनाची काहींना तीव्र अॅलर्जी असते. आमच्या मालकीणबाई म्हणत, गिऱ्हाईक दोनदा येत नाही, तपासणी राहू द्या. एका दुपारी एका काकूंच्या पापण्या सुजून डोळे मिटले, तेव्हा त्यांचा हात धरून रिक्षात बसवणारी मी होते. त्या बऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. आता माझ्या खोलीवजा सलूनमध्ये तपासणीशिवाय कोणालाही रंग लावत नाही. त्यापायी काही गिऱ्हाइके गेली तरी चालतील.

म्युनिकची_मावशी

केतकी, तुझे अगदी बरोबर आहे. इथे जर्मनीत हे शिक्षण तीन वर्षांचे असते. आठवड्यातले काही दिवस सलूनमध्ये काम आणि उरलेले व्यवसाय-शाळेत, जिथे त्वचा आणि रसायने यांचे धडे सक्तीचे असतात. वयाच्या ३६ व्या वर्षी मी एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांबरोबर त्या बाकांवर बसले. शेवटी परीक्षा देऊन कारागीर होता येते, पण स्वतःचे सलून काढायचे तर साधारणपणे त्यापुढची मास्टरची पदवी लागते. पुण्यात आठ वर्षे कात्री चालवून आले होते, म्हणून सुरुवातीला अपमान वाटला. पण सरावाच्या पुतळ्याचे केस कापताना शिक्षकांनी माझा कोपर दोन इंच खाली आणला, आणि खांद्याचे वर्षानुवर्षांचे दुखणे तीन महिन्यांत थांबले.

नवा_गडी_लातूर

नाना, दुकानासाठी भांडवल कसे उभे केले? सावकाराकडे जायची इच्छा नाही.

बार्शीकर_नाना

जाऊही नका. माझ्या वेळी भिशी होती. आता पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत नाभिकांचा समावेश आहे. थोड्या दिवसांचे प्रशिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिले कर्ज एक लाखापर्यंत पाच टक्के व्याजाने, तारणाशिवाय मिळते. माझ्या पुतण्याने त्यातून खुर्ची आणि मशीन घेतले. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, हे घरात आधी ठरवा. आणि पहिल्या दिवशी भारी आरसे घेण्यापेक्षा एक चांगली कात्री घ्या.

मंजिरी_सातारा

नाना, म्युनिकच्या मावशी, सगळ्यांचे वाचून मन भरून आले. मावशी, कोपराची गोष्ट वाचली आणि आज दिवसभर आरशात स्वतःचा कोपर पाहत होते, खरोखरच तो वर उचलला जातो. आजोबांची कात्री मी धार लावायला दिली आहे. धारवाला म्हणाला, पाते अजून दोन-चार धारा सोसेल. वडिलांचे वय ७४ आहे, हात थोडा थरथरतो, पण येत्या रविवारी त्याच कात्रीने माझे केस तेच कापणार आहेत.