केमिकलमध्ये संशोधनाची मास्टर्स: कुठे करावी, आणि करावी का? सल्ला हवा

लोट्याचा_शिफ्टवाला
नमस्कार मंडळी. बी.ई. केमिकल झालंय. सध्या लोटे परशुराम एमआयडीसीत इंटरमीजिएट (मधल्या टप्प्याची रसायनं) बनवणाऱ्या एका कंपनीत प्रॉडक्शनला आहे, शिफ्ट ड्यूटी. गेट (एम.टेक. वगैरेची प्रवेश परीक्षा) दिली, स्कोअर मधलाच आहे. जुन्या आयआयटीत साधं एम.टेक. मिळणं अवघड, पण अगदीच टाकाऊही नाही. शिफ्ट इंजिनीअर, मग शिफ्ट इन्चार्ज, मग प्रॉडक्शन मॅनेजर हा रस्ता समोर स्पष्ट दिसतोय आणि आताच त्याचा कंटाळा आलाय. डोक्यात आयआयटी मद्रासची एम.एस. (थीसिसवाली मास्टर्स), बंगळूरच्या आयआयएससीची एम.टेक. (रिसर्च), माटुंग्याची आयसीटी (केमिकलची संस्था, जुनी यूडीसीटी) किंवा कॅनडा आहे. पीएच.डी. करेनच असं नाही. घरच्यांचा प्रश्न एकच: तीन वर्षं घालवून मिळणार काय? जाणकारांनी लिहा.

गिंडीकर
मद्रासची एम.एस. मी केली, तेव्हा तेवढंच सांगते. एम.टेक.चं पहिलं वर्ष विषय आणि परीक्षांत जातं, दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट आणि प्लेसमेंट एकदम अंगावर येतात. एम.एस.ला विषय मोजके, बाकी सगळा वेळ थीसिसचा. तो परीक्षकांकडे जातो, त्यांचे शेरे येतात, मग व्हायवा (तोंडी परीक्षा). त्यामुळे दोन वर्षांत सुटू असं घरी सांगू नका, अडीच-तीन धरून चाला. पैशांचं म्हणाल तर एम.टेक.च्या गेटवाल्यांना महिना १२,४०० मिळतात, एम.एस.लाही साधारण तीच पातळी समजा. आताच्या पगाराशी तुलना करायला बसलात तर जाऊच नका.

मधला स्कोअर म्हणून घाबरू नका. स्कोअरवर मुलाखतीला बोलावतात, पुढचं सगळं मुलाखतीत ठरतं. मला विचारलं होतं, सच्छिद्र कॅटॅलिस्टच्या पेलेटमध्ये (गोळीत) विसरण, म्हणजे रेणूंचं आत शिरणं, फार हळू असेल तर प्रयोगात दिसणारी अॅक्टिव्हेशन एनर्जी खरीच्या निम्मी का येते? दिसणारा रेट (रिअॅक्शनचा वेग) हा रेट कॉन्स्टंटच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जातो, म्हणून निम्मी. हे सांगितलं की लगेच पुढचा: मग प्रयोगशाळेत हे ओळखणार कसं? पेलेट फोडून बारीक करायचा आणि पुन्हा रेट मोजायचा. वाढला तर अडचण विसरणाची होती. गेटच्या क्लासची सूत्रं इथे पुरत नाहीत. थर्मो, ट्रान्सपोर्ट, रिअॅक्शन इंजिनीअरिंग यांतला एक विषय तरी असा मुळापासून करा.

जुना_यूडीसीटी
संस्थांची नावं नंतर. आधी सांग, तुझ्या प्लांटमध्ये असं काय आहे जे तुला कळत नाही आणि कुणी समजावूनही सांगत नाही?

लोट्याचा_शिफ्टवाला
सर, एका बॅचमध्ये जीएलआरमध्ये (आतून काचेचं अस्तर असलेल्या रिअॅक्टरमध्ये) अॅसिड अॅडिशन आहे. बीएमआरमध्ये (बॅच कशी करायची त्या कागदात) तापमान ५ ते १० अंश. थंडीत चार तासांत अॅडिशन संपतं. एप्रिल-मेमध्ये ब्राइन (थंडाव्यासाठीचं खारं पाणी) पुरत नाही, सहा-सात तास लागतात, आणि नेमक्या त्याच बॅचना एक इम्प्युरिटी चढते. तापमान एकदाही १० च्या वर गेलेलं नसतं. क्यूसी (माल तपासणारा विभाग) आमच्यावर ढकलतं, आम्ही युटिलिटीवर (थंडावा पुरवणाऱ्या विभागावर).

जुना_यूडीसीटी
अरे, मग विषय शोधत कशाला फिरतोस? अॅडिशन लांबलं की तयार झालेला माल अॅसिडबरोबर जास्त वेळ आत बसतो आणि पुढे रिअॅक्ट होतो, असं असेल तर प्रश्न कायनेटिक्सचा (रिअॅक्शनच्या वेगाचा). अॅसिड जिथे पडतं तिथे ढवळणं कमी पडून स्थानिक पातळीवर ते जास्त होत असेल, तर प्रश्न मिक्सिंगचा. पण मग हळू अॅडिशनला इम्प्युरिटी कमी व्हायला हवी होती, तुझ्याकडे उलटं आहे. की ब्राइन गरम असताना जॅकेटजवळ (रिअॅक्टरभोवतीच्या थंडाव्याच्या कवचाजवळ) एक आणि थर्मोवेलपाशी (तापमान मोजतात तिथे) दुसरं तापमान असतं? तिन्हींचे प्रयोग वेगळे. एक लिटरच्या काचेच्या रिअॅक्टरमध्ये स्टररचा वेग तोच ठेवून फक्त अॅडिशनचा वेळ बदल, मग उलट कर. निम्मा निवाडा तिथेच. आणि काचेत काहीच दिसलं नाही तरी ती माहितीच आहे: आकार तोच ठेवून एक लिटरवरून हजार लिटरवर गेलास की दर लिटरमागे जॅकेटचं क्षेत्रफळ दहाव्या हिश्शावर येतं, म्हणजे थंड करणं तितकं अवघड.

माटुंग्याला असल्याच प्रश्नांवर माणसं घडली. एम. एम. शर्मा सर १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. माशेलकरांची पीएच.डी. त्यांच्याकडचीच. (आयसीटी हे नाव आमच्या तोंडात अजून बसत नाही, २००८ चं आहे.) तुझ्यासारख्याने आयसीटी यादीत वर ठेवावं हे माझं पक्षपाती मत.

ओंटारिओहून
कॅनडाबद्दल. एम.ए.एससी. म्हणजे थीसिसवाली, तिथे खर्चाचा बराच भार बहुधा प्राध्यापकाच्या ग्रँटवर असतो. एम.एंग. म्हणजे विषयांची, पैसे आपले. एजंट लोक दुसरीच गळ्यात मारतात. पहिलीसाठी प्राध्यापक 'हो' म्हणाल्याशिवाय नुसत्या अर्जाला फारसा अर्थ नाही, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मेल सुरू करा. 'रिस्पेक्टेड सर, आय अॅम व्हेरी पॅशनेट' छापाचे मेल उघडताक्षणी उडतात. वर लिहिलंत ते चार ओळींत लिहा आणि त्यांच्या एखाद्या पेपरशी जोडा. उत्तरं तरीही थोडीच येतील.

कर्जत_फास्ट
पगाराचं मी बोलतो. फक्त पैसे हवे असतील तर त्याच गेटवर पीएसयूच्या (सरकारी कंपन्यांच्या) जाहिराती बघा, नाहीतर साधं एम.टेक. करा. एम.एस.वाल्याला किंमत आर अँड डी आणि प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये, तिथेही सुरुवातीचा आकडा डोळे दिपवणारा नसतो. तुमच्याकडे प्लांटचा अनुभव आहे ही जमेची बाजू. आमच्याकडे असे उमेदवार येतात ज्यांनी थीसिस छान केलाय पण सेंट्रीफ्यूज चालू असताना पाहिलेला नाही.

मन अजून डळमळीत असेल तर पुण्यात एनसीएलला (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) प्रोजेक्टवर वर्षभर काढा. नेट किंवा गेट असलेल्या जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलोला) महिना २०२३ पासून ३७,००० आणि वर घरभाडं. जीसीच्या (नमुने तपासायच्या यंत्राच्या) नंबरासाठी ताटकळणं, कॅलिब्रेशन बिघडलं म्हणून आठवड्याचं काम पुन्हा करणं हे झेपतं का ते तिथे कळेल.

गिंडीकर
+१. आणि गाइड निवडताना त्यांचे पेपर मोजण्यापेक्षा लॅबमधल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फोन करा. दोनच गोष्टी विचारा: आधीच्या एम.एस.वाल्यांना किती वेळ लागला, आणि उपकरण बंद पडलं की दुरुस्तीचे पैसे कुठून येतात. माझ्या ओळखीत एकीचं वर्ष पंपाच्या सुट्या भागाची वाट पाहण्यात गेलं.

लोट्याचा_शिफ्टवाला
सगळ्यांचे आभार. ही इम्प्युरिटीची गोष्ट स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये (अर्जासोबतच्या निवेदनात) घालू का? बॅचचे आकडे माझ्याकडे आहेत.

जुना_यूडीसीटी
गोष्ट घाल, आकडे नको. ते कंपनीचे आहेत आणि रुजू होताना तू गोपनीयतेच्या कागदावर सही केली असशील. प्रॉडक्टचं नाव, अॅसिड, यील्ड काही नको. 'थंडावा कमी पडल्यावर लांबणारं सेमी-बॅच अॅडिशन आणि त्यातून बदलणारी सिलेक्टिव्हिटी' एवढं पुरे. मुलाखतीत खोदून विचारतील, तेव्हाही इथेच थांबायचं. आणि राजीनामा ऑफर लेटर हातात आल्यावर.