नागपूरहून देवगड किल्ला: एका दिवसात, आईला घेऊन जमते का?

महालवाला

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात देवगडला जायचं ठरवून राहिलो आहे. गोंड राजांची जुनी राजधानी, छिंदवाडा जिल्ह्यातली. चौघं जण आहोत: आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि पासष्टीची आई. आईचे गुडघे थोडे कुरकुरतात. गाडी स्वतःची आहे.

सकाळी निघून रात्री परत येता येईल का? आईला गडावर न्यावं की खाली बसवावं? दुसऱ्या दिवशी माणिकगडही उरकता येईल का? आणि राज्याची हद्द ओलांडताना कागदपत्रांची काही भानगड?

सावनेर_नाका

एका दिवसात होते, पण पहाटे साडेपाचला नागपूर सोडावं लागेल. सावनेर, सौंसर, रामाकोना करत छिंदवाड्याच्या राष्ट्रीय महामार्गानं जा. पुढं घाट लागतो, तो चढला की उमरानाला. तिथून महामार्ग सोडून मोहखेडकडे वळायचं आणि मोहखेडहून देवगड. गाडी गडाच्या पायथ्यापर्यंत जाते. न थांबता गेलात तर तीन ते साडेतीन तास धरा. संत्र्याच्या हंगामात सौंसर भागात ट्रक आणि ट्रॅक्टर फार असतात, अर्धा तास वरचा ठेवा.

नकाशात नुसतं 'देवगड' टाकाल तर फोन तुम्हाला कोकणात नेईल नाहीतर उत्तर प्रदेशात. 'देवगड किल्ला, मोहखेड' असं शोधा आणि तेवढ्या भागाचा नकाशा घरूनच उतरवून घ्या. मोहखेडच्या पुढं नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

खाजगी गाडीला हद्दीवर वेगळं परमिट लागत नाही. आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स जवळ असलं की झालं. भाड्याची गाडी करणार असाल तर मात्र तिच्याकडे अखिल भारतीय पर्यटक परमिट आहे का, ते आगाऊ विचारा. नसेल तर मध्यप्रदेशाचा कर भरावा लागतो, आणि तो कोणी भरायचा यावर ड्रायव्हरशी वाद ऐन हद्दीवर होतो. पेट्रोल सावनेरातच भरा, पलीकडे लिटरमागे महाग पडते.

भाषेची काळजी नको. सौंसरपर्यंत सरळ मराठीच चालते (सौंसर आता २०२३ मध्ये झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे). घाट चढल्यावर हिंदी आणि गोंडी. मंगळवार-शनिवार टाळा, त्या दिवशी जामसावळीच्या हनुमानाला जाणाऱ्यांची सौंसरला गर्दी असते. जेवण घरून बांधून न्या. गडावर काही मिळेल हे गृहीत धरू नका. पाणी माणशी तीन लिटर.

चुना_वीट

वर जाण्याआधी काय पाहायचं ते ठरवा, नाहीतर 'दगडच दगड' म्हणून पोरगं अर्ध्या तासात कंटाळेल.

देवगडचा गोंड राजा जाटबा अकबराच्या काळातला. आईन-ए-अकबरीत त्याची नोंद आहे: दोन हजार घोडदळ, पन्नास हजार पायदळ, शंभरावर हत्ती. आकडे दरबारी आहेत, थोडं हातचं राखूनच वाचा. त्याच घराण्यातला बख्त बुलंद शाह औरंगजेबाच्या दरबारी गेला, मुसलमान झाला, आणि १७०२ च्या सुमारास त्यानं नागपूर वसवलं. पुढं चांद सुलताननं गादीच नागपूरला आणली आणि शहराला तट घातला. आपला गांधी गेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, त्याच तटातला. चांद सुलतानच्या मागं वारसाचं भांडण पेटलं, राणीनं रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं, ते आले आणि राहिलेच. थोडक्यात, नागपूरच्या महाल भागातल्या माणसानं देवगड पाहणं म्हणजे आजोळी जाणं आहे.

वर गेल्यावर क्रम असा ठेवा: दरवाजे, नगारखाना, कचेरी, मग मोती टाकं, शेवटी बादल महाल. नगारखाना त्यातल्या त्यात शाबूत आहे. बांधकामात मोगली वळण स्पष्ट दिसतं. कमानी आणि चुन्याच्या गिलाव्यावरचं काम मुलाला दाखवा, आणि गिलावा जिथं निघाला आहे तिथं आतलं बांधकाम कसं उघडं पडलं तेही.

आता महत्त्वाचं. अशा भिंती बाहेरून घडीव आणि आतून भर घातलेल्या असतात. माथ्यावरचा चुना गेला की पावसाचं पाणी आत शिरतं, भर धुऊन खाली बसते आणि बाहेरचा थर फुगतो. ज्या भिंतीचं 'पोट सुटलं' आहे तिच्या उंचीइतकं अंतर सोडून उभं राहा. कमानीच्या बगलेचे दगड निखळले असतील तर खालून जाऊ नका, वरची चावी (कमानीच्या मधोमधचा दगड) जागेवर दिसत असली तरी. पिंपळ-वडाच्या मुळांनी धरलेली भिंत भक्कम वाटते, पण मूळ वाळलं की तीच आधी खाली येते. तटावर चढून फोटो तर अजिबात नको. काठाची माती मोकळी असते.

भुयार थेट नागपूरपर्यंत जातं ही गोष्ट गावात ऐकू येईल. एवढं लांब भुयार! ऐका, हसा, पण कोणत्याही भोकात टॉर्च घेऊन शिरू नका. आत वटवाघळं, खराब हवा आणि साप, तिन्ही असू शकतात.

कुसळ

वरच्यांनी गवताचं सांगतलंच नाही बाप्पा.

पावसाळा संपल्यावर गवत कमरेएवढं असते. नोव्हेंबरअखेर ते वाळते आणि कुसळं सुटतात. सुती पायजमा, लोकरी मोजे घालाल तर घरी येईपर्यंत वेचत बसाल. गुळगुळीत नायलॉनची पँट, पाय बुटात खोचून. सँडल नको. काठी प्रत्येकाच्या हातात पाहिजे, आणि ती आपटत चालायचं. एक तर साप बाजूला होतात आणि दुसरं म्हणजे विहिरी. 'आठशे विहिरी, नऊशे बावड्या' (बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर) अशी म्हणच आहे देवगडची. आकड्यावर जाऊ नका, पण बावड्या खऱ्या आहेत, गडाखाली आणि गावाच्या आसपास. काहींना कठडाच नाही आणि तोंडावर झुडूप. पोराला पुढं पळू देऊ नका, मळलेली पायवाट सोडू नका.

आग्या मोहोळ पाहूनच दरवाज्यात शिरा. उंच कमानीच्या पोटात काळपट लोंबतं पोळं दिसलं की आवाज बंद, अत्तर-सेंट घरीच, बिडी-सिगारेट नाहीच, दगड मारणं तर लांबच. माश्या उठल्याच तर तोंड-मान ओढणीनं झाकून एका रेषेत दूर पळायचं, हात हलवायचे नाहीत. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोंगावत राहतात. काटा चिमटीत दाबू नका, नखानं किंवा कार्डाच्या कडेनं लवकर खरवडून काढा. तोंड सुजलं किंवा श्वास लागला तर तडक दवाखाना.

साप चावला तर बांधाबांधी, चिरा मारणं काही नाही. पाय हलू न देता गाडीत घाला आणि छिंदवाड्याचं जिल्हा रुग्णालय गाठा.

आईंचं म्हणाल तर चढताना दम लागते, पण गुडघा दुखते तो उतरताना. पायथ्याशी गाडीतून उतरा, आधी सावलीतली बावडी दाखवा, मग पहिल्या दरवाज्यापर्यंत न्या. तिथं बसून पाय किती साथ देते ते पाहा. पुढचा हट्ट नको. एकानं त्यांच्याजवळ थांबायचं, एकटं बसवून जाऊ नका, भोवती जंगल आहे. चार वाजता खाली उतरायला लागा. बिबट्याचा भाग आहे, शिवाय घाट उजेडात उतरलेला बरा.

महालवाला

सगळ्यांना धन्यवाद. मग आईसोबत पत्नी खाली थांबेल, मी आणि मुलगा वर. माणिकगडाबद्दल कोणी बोललं नाही. आणि वर जुनं नाणं वगैरे सापडलं तर?

सावनेर_नाका

माणिकगड सोडा. देवगड वरच्या अंगाला, तर माणिकगड खाली चंद्रपूरपलीकडं गडचांदूरजवळ. नागपूरहून दोनशेच्या आसपास किलोमीटर. पहिल्या दिवशी सात तास गाडी चालवून दुसऱ्या दिवशी आठ तास, आईंना घेऊन? त्याला वेगळा शनिवार-रविवार द्या आणि चंद्रपुरात मुक्काम करा, म्हणजे शहराचा गोंडकालीन परकोटही (तट) पाहून होईल. माणिकगड माना नागवंशी राजांचा, गोंडांपेक्षा जुना. गडचांदूरहून जिवतीकडे जाणारा रस्ता गडाजवळून जातो, त्यामुळं चढ फार नाही, पण आत रान दाट आहे, चारपेक्षा कमी माणसांनी जाऊ नये. त्याच रस्त्यानं पुढं महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही आपली म्हणतात ती चौदा गावं लागतात.

चुना_वीट

नाणं, खापर, कोरीव दगड, काहीही असो, जिथं आहे तिथंच. खिशात घालून हद्द ओलांडलीत तर खुलासा देत बसाल. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, असा १८७८ चा कायदा आहे. तो दहाचा आकडा अजून तसाच आहे. फोटो काढा, शेजारी मापाला पेन ठेवा आणि जागा लिहून घ्या. गडावर ताजे खड्डे दिसले तर ते धन शोधणाऱ्यांचे असू शकतात. काठावर जाऊ नका, खणलेली कड ढासळते.

कुसळ

आणि मोती टाक्याचं पाणी कधी आटत नाही म्हणतात, पण ते पिऊ नका. बाटल्या भरूनच न्या.