मदत हवी आहे: उबंटू टाकायचंय, पण इन्स्टॉलरला लॅपटॉपची डिस्कच दिसत नाही (बायोस सेटअप)

शेवंता_कुडाळ

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर शाखा. कॉलेजच्या लॅबमध्ये सगळं उबंटूवर (लिनक्सवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) चालतं, म्हणून घरच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला उबंटू टाकायचं ठरवलंय. पेनड्राइव्ह तयार झाला, त्यावरून उबंटू चालूही होतं. वायफाय, टचपॅड, आवाज, सगळं ठीक. अडतं ते इन्स्टॉल करताना. 'या संगणकात इंटेल आरएसटी वापरात आहे, पुढे जाण्याआधी ते बंद करा' अशा अर्थाचं एक पान येतं आणि तिथून पुढे जाताच येत नाही.

लॅपटॉप: एसर अस्पायर ५, इंटेल आय५ १०३५जी१, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११ होम.

एफ२ दाबून बायोसच्या सेटअपमध्ये (लॅपटॉपची मूळ सेटिंगं असतात तिथे) गेले. इन्फर्मेशन, मेन, सिक्युरिटी, बूट, एक्झिट अशा पाच टॅब आहेत. पाचही पालथ्या घातल्या, आरएसटी नावाचं काही नाही. बूट टॅबमध्ये सिक्युअर बूट (फक्त सही केलेल्या बूट फाइलनेच लॅपटॉप सुरू होऊ देणारी सोय) दिसतं, पण ते करडं आहे, त्यावर जाताच येत नाही. एफ१२ दाबलं की बूट मेनू येतो असं सगळीकडे लिहिलंय, इथे थेट विंडोजच उघडतं. पेनड्राइव्ह बूटच्या यादीत वर सरकवून काम चालवलंय.

बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला विचारलं तर म्हणे सगळं फॉरमॅट करून फक्त उबंटू टाकून देतो. ते नकोय. आईच्या बचतगटाचे हिशेब आणि घरचे सगळे फोटो विंडोजमध्ये आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बिटबिटे

ताई, आधी एक खात्री करून घ्या. पेनड्राइव्हवरून 'ट्राय उबंटू' करून आत गेलात की 'डिस्क्स' नावाचं ॲप उघडा. डावीकडे ५१२ जीबीची डिस्क दिसते का? की फक्त पेनड्राइव्ह?

चकली_पंडित

सोप्पं आहे. मागचं झाकण उघडा, सीमॉसची बॅटरी (मदरबोर्डवरची सेटिंगं आणि घड्याळ सांभाळणारी छोटी बॅटरी) दहा मिनिटं काढून ठेवा, सगळी सेटिंगं मूळपदावर येतील. आणि बायोस अपडेट मारून टाका. नव्या बायोसमध्ये लपलेले पर्याय दिसायला लागतात.

शेवंता_कुडाळ

@बिटबिटे दादा, फक्त पेनड्राइव्ह दिसतो. भावाने कर्नेलचे (उबंटूच्या गाभ्याचे) संदेश काढून पाहिले, त्यात 'एक रीमॅप केलेलं एनव्हीएमई सापडलं, वापरायचं असेल तर बायोस रेडवरून एएचसीआयवर न्या' अशी ओळ आहे.

@चकली_पंडित, बॅटरी काढायची भीती वाटते हो, वॉरंटीचं काय होईल?

दाभोळचा_दिवा

कुडाळचा माणूस दिसला की बरा वाटता.

आधी चकली पंडितांचे दोन्ही उपाय बाजूला ठेवा. सीमॉस बॅटरी काढून सेटिंगं मूळपदावर येतील हे खरं, पण तुमचं दुखणंच मुळात मूळपदाचं आहे. कारखान्यातून लॅपटॉप याच सेटिंगवर आलाय, बॅटरी काढून परत तिथेच याल. बायोस अपडेटची तर गरजच नाही. ते चालू असताना मध्येच वीज गेली आणि बॅटरी जुनी, दमलेली असली की मदरबोर्ड सरळ दुरुस्तीच्या टेबलावर. पावसाळ्यात कोकणात हा खेळ विनाकारण कोण खेळेल?

कर्नेलच्या त्या ओळीने निदान पक्कं केलंय. आरएसटी म्हणजे इंटेलची रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी, त्या ओळीतलं 'रेड' म्हणजे हाच मोड. या मोडमध्ये चिपसेट एनव्हीएमई डिस्कला स्वतःच्या साटा कंट्रोलरच्या आड घेऊन बसतो. विंडोजमध्ये इंटेलचा ड्रायव्हर असतो, त्याला आड दडलेली डिस्क सापडते. लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्ये अशा दडवलेल्या डिस्कसाठी ड्रायव्हर नाही. म्हणून डिस्क धडधाकट असूनही उबंटूला 'डिस्कच नाही' असं वाटतं. मोड बदलून एएचसीआय (डिस्क आड न घेणारा साधा मोड) केला की ती समोर येते.

आता तो पर्याय कुठे आहे. एसरच्या बऱ्याच मॉडेलांत तो लपवलेला असतो. सेटअपमध्ये मेन टॅबवर या आणि तिथे असताना कंट्रोल+एस दाबा. 'साटा मोड' नावाची ओळ उगवेल. तिच्यावर काय लिहिलंय ते सांगा, अजून काही बदलू नका. त्याच टॅबवर 'एफ१२ बूट मेनू' अशी ओळ असेल, ती मात्र आत्ताच एनेबल करा. म्हणजे यादी खालीवर करायची कटकट संपली.

शेवंता_कुडाळ

अहो, खरंच उगवली! पानभर तेच ते बघितलं होतं, आणि कंट्रोल+एस दाबल्याबरोबर मधोमध नवी ओळ. 'साटा मोड: ऑप्टेन विदाउट रेड' असं आहे. एंटर दाबल्यावर एएचसीआयचा पर्याय दिसतो. एफ१२सुद्धा चालू झालं. करू का बदल?

दाभोळचा_दिवा

नको, थांबा! इथेच बहुतेकांचं विंडोज आपटतं. मोड नुसता बदलून सेव्ह केलात तर विंडोज जुन्याच ड्रायव्हरच्या भरवशावर उठायला जातं, डिस्क सापडत नाही, आणि निळ्या पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं. डेटा जात नाही, मोड परत पहिल्यासारखा केला की विंडोज उघडतं, पण घाबरलेला माणूस त्या पडद्यासमोर काहीही करून बसतो. म्हणून हा क्रम पाळा.

बचतगटाचे हिशेब आणि फोटो आजच बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. याला पर्याय नाही.

मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) बघा. होम आवृत्तीत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असेल तर ते आपोआप चालू झालेलं असू शकतं, आणि घरात कुणालाच पत्ता नसतो. चालू असेल तर आधी मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर जाऊन रिकव्हरी की उतरवून घ्या. ती ४८ अंकी असते. कागदावर लिहा, त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून उपयोग नाही. त्यानंतर एन्क्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्ट होऊन संपेपर्यंत लॅपटॉप चार्जरवर लावून ठेवा. बायोसमध्ये हात घातला की बिटलॉकर (विंडोजचं हेच एन्क्रिप्शन) केव्हा की मागेल याचा नेम नसतो, शिवाय एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर उबंटूचा इन्स्टॉलरही कुरकुर करतो.

आता मुख्य काम. विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडा, बूट टॅबमध्ये 'सेफ बूट' आणि त्याखाली 'मिनिमल' निवडा, ओके, रीस्टार्ट. स्क्रीन काळी झाली की एफ२ टिचकत राहा. मेन, कंट्रोल+एस, साटा मोड एएचसीआय, एफ१० दाबून सेव्ह. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल, चार कोपऱ्यांत तसं लिहिलेलं दिसेल. सेफ मोडमध्ये उठताना विंडोज स्वतःचे साधे ड्रायव्हर सोबत घेऊन उठतं, म्हणून ही वाट चालते. आत गेल्यावर पुन्हा एमएसकॉन्फिग, सेफ बूटची खूण काढा, रीस्टार्ट. झालं.

सेफ मोडमध्ये बरेचदा चार आकडी पिन चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. तो माहीत आहे याची खात्री आधी करा. माझ्या बघण्यात लोक मोड बदलण्यात अडकत नाहीत, ते या पासवर्डपाशी अडकतात.

बिटबिटे

दिवाभाऊंच्या प्रतिसादाला +१. एक भर घालतो. 'ऑप्टेन' नाव बघून दचकू नका, ते मोडचं नाव आहे. मशीनमध्ये खरोखर ऑप्टेन मेमरी (डिस्कला वेग देणारी इंटेलची मेमरी) बसवलेली असेल तरच ती आधी इंटेलच्या ॲपमधून बंद करावी लागते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क ड्राइव्ह्जखाली काय नाव आहे ते बघून घ्या. आणि एएचसीआय केल्यावर डिस्क मंदावते अशी एक समजूत आहे. एकच एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर रोजच्या वापरात काही फरक जाणवत नाही.

गावठाण_४२

धागा थोडा हायजॅक करतो, माफी. माझा जुना लॅपटॉप विंडोज १०वर आहे. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला म्हणून ११ टाकायला गेलो, तर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही म्हणतंय. हेही बायोसमधूनच सुरू होतं ना?

बिटबिटे

वेगळा धागा काढा, पण थोडक्यात सांगतो. टीपीएम तिथे वेगळ्या नावाने असतं. इंटेल असेल तर सेटअपमध्ये 'पीटीटी' शोधा, एएमडी असेल तर 'एफटीपीएम'. पण त्याआधी प्रोसेसर बघा. इंटेलची साधारण आठव्या पिढीच्या आधीची मशीनं यादीत बसत नाहीत, मग टीपीएम सुरू करूनही उपयोग नाही. आणि विंडोजमध्ये 'एमएसइन्फो३२' उघडून 'बायोस मोड' समोर यूईएफआय (नवी बूट पद्धत) आहे की लेगसी (जुनी) ते पाहा. लेगसी असेल तर डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीची असणार. ती जीपीटी (नवी विभागणी) केल्याशिवाय सेटअपमध्ये यूईएफआयकडे वळलात तर विंडोज उठणार नाही.

शेवंता_कुडाळ

मंडळी, झालं! एन्क्रिप्शन खरंच चालू होतं, कुणी केलं देव जाणे. ते बंद करून, पासवर्ड तपासून, सांगितलं त्याच क्रमाने गेले. विंडोज एएचसीआयवर व्यवस्थित उघडलं. डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आकसून ८० जीबी जागा मोकळी केली आणि उबंटू तिथे बसलं. इन्स्टॉलर शेवटपर्यंत गेला, 'रीस्टार्ट करा' म्हणाला.

पण आता रीस्टार्ट केल्यावर थेट विंडोजच उघडतंय. कुठलं उघडायचं हे विचारणारा मेनू येत नाही. एफ१२च्या यादीतही विंडोज बूट मॅनेजर एकटाच. उबंटू गेलं कुठे?

दाभोळचा_दिवा

कुठे गेलेलं नाही. एसरचं बायोस ज्या बूट फाइलला आपण विश्वासू म्हणून नोंदवत नाही, तिला बऱ्याचदा यादीत उभं करत नाही. नोंदवूया.

सिक्युरिटी टॅबमध्ये 'सेट सुपरवायझर पासवर्ड' आहे. तो तात्पुरता लावा, सोपा ठेवा आणि लिहून ठेवा. लॅपटॉपमध्ये हा पासवर्ड बहुधा वेगळ्या चिपमध्ये राहतो, सीमॉस बॅटरी काढून तो पुसला जाईल या भरवशावर राहू नका. विसरलात तर सर्व्हिस सेंटरची पायरी चढावी लागेल. त्याखालच्या 'सेट एचडीडी पासवर्ड'ला मात्र हात लावू नका, तो डिस्कलाच कुलूप घालतो.

सुपरवायझर पासवर्ड लागला की जे करडं होतं ते उजळेल. सिक्युअर बूट करडं दिसत होतं त्याचंही कारण हेच. ते बंद करायची गरज नाही, उबंटूची बूट फाइल सही केलेली असते. सिक्युरिटी टॅबमध्येच 'सिलेक्ट अॅन यूईएफआय फाइल ॲज ट्रस्टेड' अशी ओळ आहे. तिच्यात एचडीडी०, मग ईएफआय, मग उबंटू असे फोल्डर उघडत जा आणि 'शिम' नावाने सुरू होणारी फाइल निवडा. नाव विचारेल, 'उबंटू' द्या. एफ१०, रीस्टार्ट, परत एफ२. आता बूट टॅबमध्ये ते नाव आलेलं असेल, एफ६ने वर न्या. (कोणती कळ ते उजवीकडच्या मदतीत लिहिलेलं असतं, मॉडेलागणिक बदलतं.)

सगळं मार्गी लागलं की सुपरवायझर पासवर्ड काढायचा: जुना पासवर्ड द्या, नव्याच्या दोन्ही जागा रिकाम्या ठेवून एंटर.

चकली_पंडित

मी तर तीन लॅपटॉपवर सिक्युअर बूट सरळ बंद करून टाकलंय. कोण बसतंय एवढं करत.

दाभोळचा_दिवा

तुमचे लॅपटॉप, तुमची मर्जी. ताईंच्या विंडोजमध्ये बचतगटाचे पैसे आहेत.

शेवंता_कुडाळ

आला मेनू! उबंटू वर, खाली विंडोज. भाऊ टर्मिनल उघडून बसलाय, जेवायलाही उठत नाहीये. पासवर्डही काढून टाकला.

शेवटची शंका. उबंटू वापरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे असतं. आत्ता रात्रीचे साडेनऊ झालेत आणि इथे दुपारचे चार दाखवतंय. सेटअपच्या मेन टॅबवरही चारच. सीमॉसची बॅटरी गेली असेल का?

बिटबिटे

बॅटरी ठणठणीत आहे. ती गेली असती तर तारीखही भलत्याच वर्षाला गेली असती. बरोब्बर साडेपाच तास म्हणजे आपल्या आणि जागतिक वेळेतला फरक. मदरबोर्डच्या घड्याळात उबंटू जागतिक वेळ लिहितं, विंडोज त्याच आकड्याला भारतीय वेळ समजतं. उबंटूत टाइमडेटसीटीएल नावाची कमांड आहे, तिने 'मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव' असं सांगता येतं. नेमकी ओळ तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केली आहे. ती दिल्यावर विंडोजमध्ये येऊन वेळ एकदा 'सिंक नाऊ' करा.

आणि विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करून टाका. ते चालू असताना शटडाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, आणि मग उबंटूतून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

शेवंता_कुडाळ

व्यनि मिळाला, घड्याळ जाग्यावर आलं. फास्ट स्टार्टअप बंद केलं. दिवाभाऊ, बिटबिटे दादा, मनापासून आभार. धाग्याच्या शीर्षकात 'सुटलं' असं कुठून लिहायचं?